एकेकटे कंटेनर शहाण्यासारखे वागतात, एकत्र आणले की भांडतात. तुम्ही कसं सांभाळता?

टिवल्याबावल्या (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, पहिलाच धागा काढतोय तेव्हा सांभाळून घ्या.

आमचं एक ॲप आहे, डॉकरवर चालणारं, सहा कंटेनर (प्रत्येक प्रोग्राम आपापल्या बंद डब्यात). पुढे एनजिनएक्स (बाहेरून आलेली विनंती आत पोचवणारा वेब सर्व्हर), मग रिॲक्टचं फ्रंटएंड, नोडमधली एपीआय, एक वर्कर जो मेलबिल पाठवतो, पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि रेडिस (त्यात वर्करच्या कामांची रांग असते). सगळं एका कंपोज फाइलमध्ये (सगळे कंटेनर एकत्र कसे उठवायचे ते त्यात लिहिलेलं असतं). एकेक कंटेनर वेगळा चालवला तर काही तक्रार नाही, पण सगळे एकदम उठवले की रोज नवीन नाटक. एपीआय पहिल्या फटक्यात मरते कारण डेटाबेस अजून डोळे चोळत असतो, म्हणून मी स्टार्ट स्क्रिप्टमध्ये स्लीप ३०, म्हणजे तीस सेकंद नुसतं थांब, असं टाकलंय (हसू नका). बंद करायला गेलं की प्रत्येक वेळी दहा सेकंद नुसतं बघत बसायचं. एपीआयचं नवीन व्हर्जन चढवलं की कधी कधी एनजिनएक्स ५०२ (मागच्या सर्व्हरकडून उत्तर मिळालं नाही अशी चूक) देतं आणि एनजिनएक्स रीस्टार्ट केलं की बरं होतं, का ते माहीत नाही. आणि माझ्या लॅपटॉपवर जे चालतं ते सर्व्हरवर चालेलच असं नाही, मग कंटेनर कशाला वापरले असं साहेब विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

सगळीकडे "कंटेनर कसा बनवावा" एवढंच मिळतं, सहा एकत्र नांदवायचे कसे ते कोणी सांगत नाही. तुम्ही लोक काय करता ते प्लीज लिहा.

नुसताच_वाचक

वाचतोय. स्लीप ३० आमच्याकडे पण आहे, फक्त आम्ही ४५ केलंय.

जुना_खोंड

टिवल्याबावल्या, हसत नाही, कारण कंपोजचं नाव फिग होतं तेव्हापासून मी हे असले स्लीप टाकत आणि काढत आलोय. २०१४ साली डॉकरने फिगवाल्यांना विकत घेतलं आणि त्याचं कंपोज झालं, पण हा प्रश्न तेव्हाही हाच होता.

तुमच्या फाइलमध्ये डिपेंड्स-ऑन (कोण कोणावर अवलंबून ते) असणारच आणि ते नुसतं यादीसारखं लिहिलेलं असणार. तसं लिहिलं की कंपोज एवढंच बघतं की पोस्टग्रेसचा कंटेनर सुरू झाला का. आतला डेटाबेस कनेक्शन घेतोय की नाही याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. खिडकीत दिवा लागला म्हणजे घरात माणूस आहेच असं नाही ना, तसं. तर पोस्टग्रेसला हेल्थचेक (ठरावीक वेळाने "ठीक आहेस ना" विचारणारी तपासणी) लावा, आणि एपीआयच्या डिपेंड्स-ऑनमध्ये कंडिशन म्हणून सर्व्हिस-हेल्दी द्या. मग हेल्थचेक पास होईपर्यंत एपीआय उठवलीच जात नाही.

आता यात लोक कुठे गंडतात सांगतो. हेल्थचेकचं इंटर्व्हल काही दिलं नाही तर ते ३० सेकंद धरलं जातं आणि पहिली तपासणीच मुळी ३० सेकंदांनी होते. म्हणजे डेटाबेस दोन सेकंदात तयार झाला तरी एपीआय अर्धा मिनिट ताटकळत बसणार, स्लीप ३० काढून आपण परत स्लीप ३० च लावलं! इंटर्व्हल ५ सेकंद ठेवा, रिट्राइज थोडे जास्त ठेवा, आणि डेटाबेसला उठायला खरंच वेळ लागत असेल तर स्टार्ट-पीरियड द्या, त्या काळातल्या नापास तपासण्या मोजल्या जात नाहीत.

आणि एवढं करूनही एपीआयच्या कोडमध्ये परत परत कनेक्ट करायचा प्रयत्न असलाच पाहिजे. कंपोज फक्त उठताना रांग लावतं. दुपारी तीनला डेटाबेस रीस्टार्ट झाला तर कोण रांग लावणार?

रात्रपाळी

खोंडकाका बरोबर. पण पोस्टग्रेसच्या हेल्थचेकमध्ये एक खड्डा आहे ज्यात मी आख्खा शनिवार घालवलाय, म्हणून लिहितेय.

सगळे जण पीजी-इज-रेडी (पोस्टग्रेस तयार आहे का विचारणारी आज्ञा) लावतात. पण पहिल्यांदा, म्हणजे व्हॉल्यूम (डेटा ठेवायची जागा) रिकामा असताना, अधिकृत इमेजची (कंटेनर ज्यापासून बनतो तो साचा) स्क्रिप्ट आधी एक तात्पुरता सर्व्हर चालू करते, त्यात डेटाबेस आणि युजर बनवते, तुमच्या इनिट स्क्रिप्ट चालवते, मग तो बंद करून खरा सर्व्हर चालू करते. हा तात्पुरता सर्व्हर नेटवर्कवर ऐकत नाही, फक्त युनिक्स सॉकेटवर, म्हणजे त्याच कंटेनरच्या आतल्या आत. आणि पीजी-इज-रेडीला होस्ट दिला नाही तर ते सॉकेटवरच विचारतं. झालं! ते म्हणतं तयार आहे, कंपोज म्हणतं हेल्दी, एपीआय धावत जाते आणि तोंडावर आपटते, कारण नेटवर्कवर अजून कोणीच नाहीये. दुसऱ्यांदा उठवलं की सगळं सुरळीत, म्हणून आपल्याला वाटतं उगाच झालं असेल. माझ्याकडे फक्त सीआयवर (कोड चढवला की आपोआप चाचण्या चालतात तिथे) फेल व्हायचं, कारण तिथे दर वेळी व्हॉल्यूम नवा कोरा असतो, आणि लॅपटॉपवर कधीच नाही. सात वेळा तरी री-रन मारला असेल मी.

उपाय एका शब्दाचा आहे, पीजी-इज-रेडीला होस्ट म्हणून १२७.०.०.१ द्यायचा.

टिवल्याबावल्या

ताई, आमचं सीआय पण "कधी कधी" फेल होतं आणि सगळे री-रन मारतात!! आत्ताच बघतो.

कीबोर्डकर

ते दहा सेकंदांचं मी सांगतो. डॉकर स्टॉप म्हटलं की आतल्या एक नंबरच्या प्रोसेसला (कंटेनरमध्ये पहिल्यांदा सुरू झालेल्या प्रोग्रामला) सिगटर्म जातो, म्हणजे "बाबा रे आवर आता". दहा सेकंद वाट बघतात आणि तरी गेला नाही तर सिगकिल, म्हणजे मानगूट धरून बाहेर. तुमच्याकडे बरोब्बर दहा सेकंद लागतात याचा अर्थ निदान एक जण तरी स्वतःहून जात नाहीये, त्याची मानगूट धरली जातेय. डॉकर पीएस हायफन ए करून बघा, ज्याला मारलं त्याचा एक्झिट कोड १३७ दिसेल. १२८ अधिक ९, नऊ म्हणजे किल. नीट गेला असता तर ० किंवा १४३ दिसलं असतं.

का होतं? डॉकरफाइलमध्ये (इमेज बनवायची कृती) सीएमडी ओळ, म्हणजे काय चालवायचं ती ओळ, साध्या वाक्यासारखी लिहिली असेल, चौकोनी कंसात नाही. तशी लिहिली की डॉकर आधी शेल उठवतं आणि शेल तुमचा प्रोग्राम उठवतं, एक नंबरवर शेल बसतं आणि सिगटर्म आला की ते खाली कोणाला सांगतच नाही. चौकोनी कंसात लिहा. स्टार्ट स्क्रिप्ट असेल (तुमची आहे, तो स्लीपवाला) तर तिच्या शेवटच्या ओळीत एक्झेक लावा, म्हणजे स्क्रिप्ट बाजूला होऊन प्रोग्रामच एक नंबर होतो. आणि नोडला एक नंबरवर बसवलं तर सिगटर्मचा हँडलर तुम्हालाच लिहावा लागतो, नाहीतर तो ढिम्म बसतो. कंपोजमध्ये इनिट ट्रू केलं की एक छोटा इनिट एक नंबरवर बसतो आणि सिगनल पुढे देतो, झाँबी प्रोसेसही उचलतो. एका ओळीत काम होतं, पण हँडलर लिहाच.

दहा सेकंद वाया जातात हा मुद्दा छोटा आहे हो. तुमचा वर्कर मेल पाठवता पाठवता मारला जातोय हा मोठा आहे. मेल गेला पण "गेला" अशी नोंद व्हायच्या आत किल झाला, तर उठल्यावर तो परत पाठवणार. एकाच माणसाला दोनदोन मेल जातात अशा तक्रारी येतात का?

टिवल्याबावल्या

येतात :( आम्ही मेलवाल्या कंपनीला दोन वेळा लिहिलं होतं की तुमच्याकडे डुप्लिकेट होतंय म्हणून. त्यांनी बिचाऱ्यांनी लॉग पाठवले होते, आम्ही ते पाहिलेच नाहीत.

कीबोर्डकर

=)) तर वर्करला स्टॉप-ग्रेस-पीरियड वाढवून द्या, एक मिनिट वगैरे. सिगटर्म आला की नवीन काम उचलायचं नाही, हातातलं संपवायचं आणि निघायचं.

शून्यातून_एक

५०२ चं उत्तर मला माहितीये कारण आमच्या मॅनेजरने त्यासाठी "दर डिप्लॉयनंतर एनजिनएक्स रीस्टार्ट करणे" असा कागद भिंतीवर लावला होता.

कंपोजच्या नेटवर्कमध्ये सर्व्हिसचं नाव हेच होस्टनेम असतं, डॉकरचा स्वतःचा डीएनएस १२७.०.०.११ वर बसून नावाचा आयपी देतो. एनजिनएक्स मात्र प्रॉक्सी-पासमध्ये साधं नाव लिहिलेलं असेल तर ते चालू होताना एकदाच विचारतं आणि मग तोच आयपी उराशी धरून बसतं. तुम्ही एपीआय नवी चढवली, जुना कंटेनर गेला, नवा आला, त्याला आयपी दुसरा मिळाला. "कधी कधी" का, तर बऱ्याचदा तोच आयपी परत मिळतो म्हणून. उपाय असा की एनजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये रिझॉल्व्हर म्हणून १२७.०.०.११ द्यायचा, व्हॅलिड १० सेकंद, आणि प्रॉक्सी-पासमध्ये नाव थेट न लिहिता ते एका व्हेरिएबलमध्ये घालून वापरायचं, मग ते दर थोड्या वेळाने परत विचारतं. मात्र व्हेरिएबल वापरलं की प्रॉक्सी-पासच्या पुढचा पाथ कसा जोडला जातो ते बदलतं, तेव्हा बदल केल्यावर दोनचार यूआरएल हाताने तपासा. आम्ही नाही तपासल्या आणि सगळे कॉल मूळ पाथवरच जायला लागले.

आणि एनजिनएक्सची एकच कॉन्फिग फाइल माउंट केली असेल तर ती बदलून रीलोड मारलं तरी आत जुनीच दिसते असा अनुभव आलाय का? माउंट हा नावाला नसतो, त्या फाइलच्या आयनोडला (डिस्कवरच्या फाइलची आतली ओळख) असतो. बरेच एडिटर सेव्ह करताना त्याच नावाची नवी फाइल बनवतात, गिट पुलही तेच करतं. आत बिचारा जुना आयनोड धरून बसलेला. फाइल नाही, तिचा फोल्डर माउंट करा.

नुसताच_वाचक

हे आयनोडचं वाचून मला दोन वर्षांपूर्वीची एक रात्र आठवली. तेव्हा मी एनजिनएक्सला लय शिव्या दिल्या होत्या. सॉरी एनजिनएक्स.

ढगात_गोळ्या

सगळं वाचलं. माफ करा पण २०२० नंतर हे सगळं हाताने कशाला करताय? कुबर्नेटीस (अनेक सर्व्हरवरचे कंटेनर सांभाळणारी यंत्रणा) घ्या, रेडिनेस प्रोब, लाइव्हनेस प्रोब (तयार आहे का, जिवंत आहे का या तपासण्या), रोलिंग अपडेट सगळं फुकट मिळतं. कंपोज हे डेव्हलपमेंटपुरतं.

जुना_खोंड

फुकट? एक सर्व्हर, सहा कंटेनर आणि त्यासाठी आख्खा कंट्रोल प्लेन (कुबर्नेटीसचा स्वतःचा कारभार). कुबर्नेटीस वाईट नाही, मी रोज त्यातच असतो. पण त्यात डिपेंड्स-ऑन नावाचा प्रकारच नाही हे विसरलात का? तिथे सगळे पॉड (तिथले कंटेनरांचे गट) एकदम उठतात आणि ज्याला डेटाबेस मिळत नाही तो पडतो, परत उठतो, परत पडतो, मिळेपर्यंत. म्हणजे कोडमध्ये परत कनेक्ट करायची सोय तिथे जास्तच लागते. सिगटर्म तिथेही येतो, दहाच्या ऐवजी तीस सेकंद देतात एवढंच. वर कीबोर्डकरांनी जे लिहिलंय ते न करता तिकडे गेलात तर तेच दुखणं महागड्या खोलीत नेऊन ठेवल्यासारखं.

ढगात_गोळ्या

तीस सेकंदांचा मुद्दा मान्य. पण काका, एक गोष्ट कंपोजमध्ये नाहीच. कंटेनर अनहेल्दी झाला तर पुढे काय? काहीच नाही! रीस्टार्ट पॉलिसी फक्त प्रोसेस मेली तरच कामाला येते. प्रोसेस जिवंत आहे पण अडकून पडलीये, हेल्थचेक लाल, आणि डॉकर नुसतं अनहेल्दी अशी पाटी लावून शांत बसतं. स्वॉर्म (डॉकरचीच तशी यंत्रणा) किंवा कुबर्नेटीस तो उचलून नवा आणतात.

जुना_खोंड

हे मात्र शंभर टक्के खरं. आम्ही बाहेरून मॉनिटरिंग लावलंय, आणि अडकलंय हे ॲपलाच कळत असेल तर त्याने स्वतःच मरावं असं कोडमध्येच लिहिलंय. मेलं की उठवायला अनलेस-स्टॉप्ड ही रीस्टार्ट पॉलिसी आहेच.

रात्रपाळी

भांडण संपलं असेल तर लॅपटॉप आणि सर्व्हरमधल्या फरकाकडे येऊ. टिवल्याबावल्या, इमेजचे टॅग (व्हर्जनची चिठ्ठी) काय लावलेत? लेटेस्ट असेल तर तिथेच घोडं अडलंय. लॅपटॉपवरचं लेटेस्ट सहा महिन्यांपूर्वीचं, सर्व्हरवरचं कालचं. पोस्टग्रेसला तर चुकूनही नको. मेजर व्हर्जन बदललं की नवा सर्व्हर जुनी डेटा डिरेक्टरी उघडतच नाही, सरळ सांगतो की ही दुसऱ्या व्हर्जनने बनवलीये, आणि बंद. डेटा जात नाही, जुना टॅग लावला की परत उठतो, पण ते कळेपर्यंत माणसाचं अर्धं आयुष्य कमी होतं.

दुसरं, ओव्हरराइड फाइल, म्हणजे मूळ कंपोज फाइलवर चढवायचे बदल. ती शेजारी पडलेली असेल तर कंपोज न विचारता ती जोडून घेतं. लॅपटॉपवर ती असते, त्यात सोर्स कोड माउंट केलेला असतो, त्यामुळे इमेजमध्ये काय आहे ते लॅपटॉपवर तुम्ही कधी चालवतच नाही! सर्व्हरवर पहिल्यांदा खरी इमेज चालते आणि त्यात एक फाइल कॉपीच झालेली नसते. म्हणून आम्ही पुश करायच्या आधी एकदा ओव्हरराइड वगळून चालवतो. आणि शंका आली की डॉकर कंपोज कॉन्फिग. सगळ्या फाइली जोडून, व्हेरिएबल भरून शेवटी काय तयार झालं ते छापून देतं. निम्मे वाद तिथेच मिटतात. फक्त ते छापलेलं कुठे चिकटवू नका, त्यात पासवर्ड उघडे असतात.

सावळागोंधळ

डॉट-एन्व फाइल आणि एन्व-फाइल हा सेटिंग यात काय फरक आहे हे मला कोणी एकदाचं सांगेल का? मी तीन वर्षं दोन्ही ठेवतो आणि देवाचं नाव घेतो.

रात्रपाळी

डॉट-एन्व ही कंपोजला स्वतःला वाचायला. कंपोज फाइलमध्ये डॉलर लावून जे लिहिता ते त्यातून भरलं जातं, कंटेनरच्या आत ते आपोआप जात नाही. एन्व-फाइलमध्ये लिहिलेलं थेट कंटेनरच्या आत जातं. देवाला सोडा आता.

आणि तुमचा पुढचा प्रश्न मला माहितीये. पासवर्ड बदलला, सगळं परत उठवलं, तरी पोस्टग्रेस जुनाच पासवर्ड मागतो. कारण पोस्टग्रेस-पासवर्ड हे व्हेरिएबल फक्त डेटा डिरेक्टरी रिकामी असतानाच वापरलं जातं. एकदा डेटाबेस बनला की पासवर्ड आत जाऊन एसक्यूएलनेच बदलावा लागतो.

सावळागोंधळ

ताई तुम्ही माझ्या खांद्यावरून बघताय का...

कीबोर्डकर

अजून एक जोडतो. कंपोज रीस्टार्ट म्हटल्याने फाइलमधले बदल लागू होत नाहीत! तो तोच जुना कंटेनर बंद करून परत चालू करतो. बदल हवे असतील तर अप हायफन डी, मग ज्यांचं काही बदललंय तेवढेच नवे बनतात. आणि कोड बदलला असेल तर बिल्डही सांगावं लागतं, नुसत्या अपने इमेज परत बनत नाही.

शून्यातून_एक

बिल्डवरून आठवलं, आमची इमेज दर वेळी अकरा मिनिटं बनायची. आधी पॅकेजची यादी कॉपी करून इन्स्टॉल आणि मग बाकीचा कोड कॉपी एवढा दोन ओळींचा क्रम बदलला, मिनिटभरावर आली. कोडमधलं एक अक्षर बदललं तरी त्याच्या खालचे सगळे लेयर (इमेजचे थर) परत बनतात, म्हणून कमी बदलणारं वर, रोज बदलणारं खाली. आणि डॉकर-इग्नोर फाइल ठेवा हो, आमच्या इमेजमध्ये आख्खं गिट फोल्डर आणि कोणाची तरी डॉट-एन्व जात होती.

जुना_खोंड

डॉट-एन्व गेली म्हणजे पासवर्ड गेले. नंतरच्या लेयरमध्ये पुसली तरी खालच्या लेयरमध्ये ती राहतेच. बिल्ड आर्ग्युमेंटने टोकन दिलं तर ते हिस्टरीत दिसतं. बिल्डकिटचा (डॉकरचं इमेज बनवणारं साधन) सीक्रेट माउंट त्यासाठीच आहे.

आता टिवल्याबावल्या, तुमच्या पोस्टग्रेस आणि रेडिसला पोर्ट्स लिहिलेत का? खरं सांगा.

टिवल्याबावल्या

लिहिलेत, ५४३२ आणि ६३७९. पण सर्व्हरवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल चालू आहे, फक्त ८० आणि ४४३ उघडे ठेवलेत.

जुना_खोंड

वाटलंच. दुसऱ्या कुठल्या तरी मशीनवरून तुमच्या सर्व्हरचा ६३७९ ठोकून बघा आणि मग इथे या.

टिवल्याबावल्या

...लागला. उघडा आहे. हे कसं काय??

जुना_खोंड

डॉकर पोर्ट उघडताना आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलचे मूळ नियम) स्वतःचे नियम लिहितं, आणि पॅकेट यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचायच्या आधीच कंटेनरकडे वळवलं जातं. यूएफडब्ल्यू स्टेटस तुम्हाला शांतपणे सांगत राहणार की बंद आहे. आधी ते पोर्ट्स काढा, बाकीचं मग वाचा. कंटेनरांना आपसात बोलायला पोर्ट्स लागतच नाहीत, एकाच नेटवर्कवर आहेत ते. पोर्ट्स म्हणजे बाहेरच्या जगासाठी दार. तुमच्या रचनेत दार फक्त एनजिनएक्सला. लॅपटॉपवर डेटाबेस टूलने बघायचं असेल तर ओव्हरराइडमध्ये लिहा, आणि तिथेही पुढे १२७.०.०.१ लावून. आणि रेडिसला पासवर्ड नव्हता ना? मग आत काय काय झालंय ते आज बसून तपासा, वर्करच्या रांगेत अनोळखी काही दिसतं का बघा, पासवर्ड सगळे बदला.

जमलं तर नेटवर्कही दोन करा. एनजिनएक्स, फ्रंटएंड आणि एपीआय एका नेटवर्कवर, एपीआय, वर्कर आणि डेटाबेसवाले दुसऱ्यावर. एनजिनएक्सला पोस्टग्रेस दिसायचं काही कारण नाही.

टिवल्याबावल्या

काढले. हात थरथरतायत. रांगेत वेगळं काही दिसलं नाही, पासवर्ड बदलतोय. उद्या येतो.

ढगात_गोळ्या

उद्या येईपर्यंत लॉगचं बघून ठेवा. डॉकरचा डीफॉल्ट लॉग ड्रायव्हर सगळं एका जेसन फाइलमध्ये लिहीत राहतो आणि त्याला मर्यादाच नसते. एपीआयमध्ये कोणीतरी डीबग चालू ठेवून गेलं, डिस्क भरली, आणि डिस्क भरली की पहिला बळी डेटाबेस. मॅक्स-साइज आणि मॅक्स-फाइल लावा, नाहीतर लोकल नावाचा ड्रायव्हर घ्या, तो दर कंटेनरला साधारण १०० एमबीच्या वर जात नाही. डीमनच्या कॉन्फिगमध्ये बदललं तर ते फक्त नव्याने बनलेल्या कंटेनरांना लागू होतं, जुने तसेच वाढत राहतात. याला मी एकदा फसलोय.

टिवल्याबावल्या

आलो. हिशेब देतो. हेल्थचेक लावला, स्लीप काढला, सगळं उठायला आता साताठ सेकंद लागतात. होस्ट १२७.०.०.१ केल्यापासून सीआय एकदाही पडलं नाही. बंद व्हायला दोन सेकंद. मायग्रेशन (डेटाबेसची टेबलं बनवणं-बदलणं) आधी एपीआयच उठताना चालवायची, ते वेगळ्या सर्व्हिसमध्ये काढलं जी काम करून संपते आणि एपीआयला कंप्लीटेड-सक्सेसफुली अशी कंडिशन दिली. मेलचे डुप्लिकेट बघतोय. टॅग सगळे पक्के केले.

पण आज सकाळी जरा फार मोठा घोळ झालाय, म्हणून घाईत लिहितोय. सर्व्हरवरच्या फोल्डरचं नाव "ॲप-टेस्ट-नवीन" असं होतं, लाज वाटायची, म्हणून बदलून नीट केलं. मग अप केलं तर म्हणे पोर्ट आधीच घेतलेला आहे. म्हणून चालू असलेले कंटेनर डॉकर स्टॉपने थांबवले आणि परत अप केलं. सगळं हिरवं. साइट उघडली तर कोणाचंच लॉगिन होत नाही. युजर टेबलमध्ये शून्य ओळी. शून्य!! व्हॉल्यूम डिलीट वगैरे मी काही केलेलं नाही, शपथ. बॅकअप परवाचा आहे.

रात्रपाळी

थांबा. कीबोर्डवरून हात काढा. प्रून (न वापरलेलं पुसून टाकणारी आज्ञा) हा शब्द टाइप करू नका, डाऊनला हायफन व्ही लावू नका, त्याने व्हॉल्यूमही जातो. तुमचा डेटा जागेवर आहे.

डॉकर व्हॉल्यूम एलएस करा आणि इथे टाका.

टिवल्याबावल्या

दोन दिसतायत! एक "ॲप-टेस्ट-नवीन_डेटा" आणि एक नव्या नावाचं "_डेटा".

रात्रपाळी

तेच. कंपोज प्रोजेक्टचं नाव फोल्डरच्या नावावरून घेतं आणि व्हॉल्यूम, नेटवर्क, कंटेनर सगळ्यांना ते पुढे लावतं. फोल्डर बदलला म्हणजे कंपोजच्या लेखी हा वेगळाच प्रोजेक्ट. जुने कंटेनर त्याला आपले वाटेनात म्हणून पोर्टचं भांडण झालं, आणि व्हॉल्यूम नवा कोरा बनवला. तुमच्या मायग्रेशनने इमानेइतबारे त्यात रिकामी टेबलं बनवली, म्हणून सगळं हिरवं.

आता असं करा. आत्ता चालू आहे ते डाऊन करा, नुसतं डाऊन, पुढे काही नाही. मग कंपोज फाइलच्या सगळ्यात वर नेम लिहून त्यात जुन्या प्रोजेक्टचं नाव द्या, व्हॉल्यूमच्या नावात अंडरस्कोअरच्या आधी जे दिसतंय अगदी तेच, अक्षर न् अक्षर. मग अप हायफन डी.

नुसताच_वाचक

मी इथे श्वास रोखून बसलोय, माझा डेटा नसताना.

टिवल्याबावल्या

आला!!! सगळे युजर आले. ताई काय बोलू. नाव मात्र "ॲप-टेस्ट-नवीन" च राहिलं आता जन्मभर :D

जुना_खोंड

राहू दे. आमच्या एका प्रॉडक्शन डेटाबेसचं नाव "डिलीट-करा-२" आहे, त्याला कोणी हात लावत नाही.

आणि बॅकअप परवाचा का? पीजी-डंप (पोस्टग्रेसचा बॅकअप काढणारी आज्ञा) रोज रात्री लावा. कंपोज एक्झेकने क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारा) चालवणार असाल तर मोठी टी द्यायला विसरू नका, नाहीतर काही व्हर्जनमध्ये ते टर्मिनल मागतं, क्रॉनकडे टर्मिनल नसतं, आणि रोज रात्री शून्य बाइटची फाइल बनत राहते.

टिवल्याबावल्या

लावला आत्ता, फाइल उघडूनही बघितली, आत डेटा आहे. तो दुसरा रिकामा व्हॉल्यूम पडलाय तो काढून टाकू का?

रात्रपाळी

आज नको.